श्वानाचे घ्राण आणि मनाचा घाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि शिवकाल यांच्या पंक्तीला या व्याख्यानमालेत कुत्रा येऊन बसावा, याचे काही सभासदांना नवल वाटले असे आमच्या कानी आले आहे. नवल वाटणे साहजिकच आहे. कुत्र्याविषयी मराठी भाषेने फारसे गौरवोद्गार काढलेले नाहीत. एखाद्याची दुर्दशा झाली की त्याचे हाल कुत्रा खात नाही असे आपण म्हणतो. स्वभावाला औषध नाही हे सांगायचे झाले की कुत्र्याचे शेपूट नळीत घालतो. तेच आपण गुरुवारी दत्तगुरूंच्या तसबिरीला हार घालताना त्यांच्या पायाशी बसलेल्या चार श्वानांना चार वेद मानतो, खंडोबाच्या भक्ताला वाघ्या म्हणून मान देतो, आणि धर्मराजाने आपल्यामागून आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला ही कथा नातवंडांना सांगतो. भाषेत एक न्याय आणि देव्हाऱ्यात दुसरा, असा हा प्रकार आहे. असो.

आमचा आजचा विषय याहून मर्यादित आहे. मनावर जबर आघात झालेल्या माणसाच्या सेवेसाठी शिकवून तयार केलेला कुत्रा आणि त्याच्या घ्राणशक्तीचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्या दोन विद्यार्थिनी, इतकाच तो आहे. यांतील एक आयर्लंड बेटावरील बेलफास्टची व दुसरी कॅनडातील हॅलिफॅक्सची. भिलाईत बसून त्यांच्या कामाची चौकशी आपण का करावी, याचे उत्तर देण्यासाठी प्रथम आघाताविषयी बोलले पाहिजे.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, ही म्हण आपण शहाणपणाची म्हणून मुलांना शिकवतो. आघातानंतरच्या मनोविकारात हेच शहाणपण बेलगाम होते. ताक समोर आले की तोंड पुन्हा पोळते, आणि ते ताक आहे, थंड आहे, हे पुरते ठाऊक असूनही पोळते. वायूच्या स्फोटातून वाचलेला माणूस घरातील कुकरच्या शिटीने घामाघूम होऊ शकतो. छातीचे ठोके वाढतात, श्वास अपुरा पडतो आणि काही क्षण तो स्वयंपाकघरात नसतोच. तो पुन्हा त्या जागी, त्या दिवशी, त्या मिनिटाला असतो. रात्री तेच स्वप्न येते. दिवसा तो त्या रस्त्याने जाणे टाळतो, मग बाजारात जाणे टाळतो, मग घराबाहेर पडणेच टाळू लागतो. घरची माणसे म्हणतात, स्वभाव बदलला, तिरसट झाला.

या विकाराला नाव मिळण्यास फार काळ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्याने खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या अशा अवस्थेचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केले. तोफगोळ्यांचा धक्का, असे तिला तेव्हा म्हणत. पण त्याच युद्धात भ्याडपणा, पलायन अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. अशा ३०६ जणांना मरणोत्तर माफी मिळाली ती २००६ साली. त्यांतील कित्येकांचे मन केव्हाच मोडून पडले असणार, असे आज मानले जाते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत या विकाराची स्वतंत्र नोंद केली ती १९८० साली. मराठीत त्यास आघातोत्तर तणावविकार म्हणतात. शब्द अवघड आहे खरा. पण ‘मन घट्ट कर’ या सोप्या शब्दांनी जे नुकसान केले आहे ते पाहता हा अवघड शब्दच आम्हांस अधिक दयाळू वाटतो.

आता भिलाईकडे येऊ. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतर विदर्भातून, खानदेशातून, पुण्यामुंबईहून मराठी माणसे या गावी येत राहिली. पोलादाने आपल्याला अन्न दिले, घर दिले, मुलांना शिक्षण दिले. पोलादाचे काम आगीशी आणि वायूशी चालते, हेही आपण जाणून आहोत. १२ जून २०१४ रोजी पाणीपुरवठ्याच्या पंपगृहाजवळ विषारी वायू पसरून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारी होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. मृतांसाठी आपण सभा घेतल्या, मौन पाळले. परंतु त्या दिवशी पाळीवर असून जे वाचले, ज्यांनी जळालेल्या सहकाऱ्यांना उचलून बाहेर आणले, ज्यांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढली, त्यांची यादी कोणी केली नाही. घरी परतलेल्या अशा माणसाची दृष्ट काढतात, नशीब बलवत्तर म्हणून पेढे वाटतात आणि तो विषय संपला असे समजतात.

हा प्रश्न कारखान्यापुरताही नाही. बस्तरच्या अरण्यातून सुटीवर जाणारे जवान दुर्ग आणि रायपूरच्या फलाटांवर आपण पाहतो. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाडा भागात ताडमेटला येथे ७६ जवान एका सकाळी मारले गेले. अशा घटनांतून जिवंत परतणारा मुलगा साताऱ्याचा असो की जशपूरचा, तो आपल्याबरोबर काय घेऊन घरी जातो, हे त्याच्या पिशवीत दिसत नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव किल्लारीने दिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांच्या दगडांखाली गेली. घरे पुन्हा बांधली गेली. परंतु त्या दगडांखालून निघालेल्यांच्या मनाचे काय झाले, याचा अनेक वर्षे चाललेला अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने झाला आणि त्याची धुरा डॉ. मोहन आगाशे यांनी वाहिली. ‘घाशीराम कोतवाल’मधील त्यांचा नाना फडणवीस आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो, हे दुसरे काम फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या मते ते नानाच्या भूमिकेहून तसूभरही कमी नाही.

आता कुत्र्याकडे वळू. घरी लाडाने पाळलेला कुत्रा वेगळा, शिक्षकासोबत रुग्णालयात वा शाळेत येऊन रुग्णांना भेटणारा उपचारसहायक कुत्रा वेगळा, आणि एकाच व्यक्तीजवळ रात्रंदिवस राहून तिच्यासाठी नेमकी शिकवलेली कामे करणारा सेवाश्वान वेगळा. या तिसऱ्या प्रकाराची सुरुवात आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यापासून झाली. १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी असे कुत्रे शिकवण्याची पहिली शाळा निघाली. डोळे गेलेल्यास कुत्रा मिळाला. मन जखमी झालेल्यास तो मिळण्यास आणखी कित्येक दशके जावी लागली.

हा कुत्रा करतो तरी काय? दुःस्वप्नात तडफडणाऱ्या मालकाला नाकाने ढोसून जागे करतो. रांगेत मालकाच्या पाठीशी उभा राहतो, म्हणजे मागून कोणी अंगाशी येत नाही. भीतीची लाट आली की मांडीवर डोके ठेवून अंगाचा भार देतो, हात चाटतो, आणि मालकाला त्या जुन्या दिवसातून ओढून आजच्या खुर्चीत आणून बसवतो. अमेरिकेत माजी सैनिकांना विचारणा केली असता भीतीचा झटका मोडणे हे काम त्यांनी सर्वांत महत्त्वाच्या व नेहमी उपयोगी पडणाऱ्या कामांत गणले. येथेच एक अडचण आहे. आजवरचे सेवाश्वान डोळ्यांनी पाहून काम करतात. मालकाचे हात थरथरू लागले, तो पाय हलवू लागला, मुठी आवळू लागला, की कुत्रा पुढे होतो. म्हणजे झटका सुरू झाल्यावर. शरीरात त्याची चाहूल त्याआधीच लागलेली असते. ती चाहूल कुत्र्याला वासाने लागेल का, हा त्या विद्यार्थिनींचा प्रश्न होता.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात क्लारा विल्सन ही डॉक्टरेटची विद्यार्थिनी होती. तिने ३६ माणसांना एक काम दिले: ९००० या संख्येपासून सतरा-सतरा वजा करत, कागद-पेन्सिल न घेता, मोठ्याने मोजत उलटे जायचे. सतराचा पाढा छडीच्या धाकाने पाठ केलेल्या आपल्या पिढीलाही यात घाम फुटेल! तोच घाम व तोच श्वास तिला हवा होता. मोजणीपूर्वीचे आणि मोजणीनंतरचे नमुने चार कुत्र्यांपुढे ठेवले. ताणाचा नमुना निवडण्यात कुत्र्यांचे उत्तर शंभरांत सुमारे चौऱ्याण्णव वेळा बरोबर आले. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला.

परंतु वजाबाकीचा ताण निराळा आणि आयुष्यातील भयंकर प्रसंगाची आठवण निराळी. ही दुसरी वाट हॅलिफॅक्सच्या डलहौजी विद्यापीठातील लॉरा कीरोया या विद्यार्थिनीने धरली. डलहौजी हे नाव ऐकताच आपल्या भुवया उंचावतील. सातारा आणि नागपूर ही राज्ये खालसा करणाऱ्या, आणि नागपूरबरोबर हे आपले छत्तीसगढही कंपनी सरकारच्या घशात घालणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या वडिलांनी ते विद्यापीठ स्थापले, तेही १८१८ साली, जेव्हा इकडे पेशवाई बुडत होती. हॅलिफॅक्स शहराला स्फोटाचीही ओळख आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी तेथील बंदरात दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटून सुमारे दोन हजार माणसे मेली होती.

या विद्यार्थिनीने २६ माणसांचे श्वास जमवले. हे सारे आघात सोसलेले लोक होते. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांना हा विकार जडल्याचे निदान बसत होते. तोंडावरचा मुखपट्टा हे तिचे साधन. करोनाच्या काळात आपणही तो दोन वर्षे वागवला, पण आपल्या श्वासात आपल्या दुःखाची नोंद उतरत असेल हे कोणाच्या मनात आले असेल? एक मुखपट्टा माणूस शांत असताना घालायचा, दुसरा त्याला त्या प्रसंगाची आठवण करून दिली जात असताना. त्या वेळी काय वाटले, भीती की लाज की राग, हेही प्रत्येकाने प्रश्नावलीत नोंदवायचे. मग मुखपट्ट्यांचे तुकडे कुत्र्यांना हुंगावयास द्यायचे.

घरोघरचे २५ कुत्रे या कामासाठी घेण्यात आले आणि त्यांतून शेवटपर्यंत टिकले दोन. एकीचे नाव आयव्ही, दुसरीचे कॅली. हा आकडा आम्हांस फार बोलका वाटतो, कारण कोणताही गोजिरा कुत्रा हे काम करील या समजुतीला तो परस्पर उत्तर देतो. दोन नमुने शेजारी ठेवले असता या दोघींनी शंभरांत सुमारे नव्वद वेळा आठवणीचा श्वास बरोबर ओळखला. मग परीक्षा कठीण केली. एका वेळी एकच नमुना द्यायचा, शेजारी तुलनेला काही नाही, आणि कुत्र्याने सांगायचे, हा की नाही. त्यातही आयव्हीचे ७४ टक्के आणि कॅलीचे ८१ टक्के निर्णय बरोबर आले. २०२४ च्या मार्चमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्यांनी भीती अधिक नोंदवली होती त्यांचे श्वास आयव्हीला अधिक चांगले ओळखता आले. ज्यांनी लाज अधिक नोंदवली होती त्यांचे कॅलीला. संशोधकांचा तर्क असा की भीतीच्या पहिल्या क्षणी शरीरात उसळणाऱ्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांशी निगडित वास एकीने धरला असावा, आणि मागाहून सावकाश चढणाऱ्या कॉर्टिसॉलशी निगडित वास दुसरीने. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. सेवाश्वानाला झटक्याच्या आधी उठवायचे असेल तर पहिल्या प्रकारचे नाक हवे, असे त्यावरून त्यांना वाटते. पण लाज हा शब्द तेथे यावा, याचा आपण क्षणभर विचार करावा. आघात सोसलेल्या माणसाला भीती वाटते हे आपण जाणतो. त्याला लाजही वाटते. मी वाचलो आणि तो गेला याची, मी धावलो नाही याची, मी रडलो याची. तो ती बायकोपासून लपवतो, मुलांपासून लपवतो. ती श्वासात उतरते आणि हॅलिफॅक्समधील एका कुत्रीला कळते.

१९९३ साली मुंबईच्या बाँबस्फोटांनंतर पोलिसांच्या ‘झंजीर’ या कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक आर.डी.एक्स. हुडकून काढले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. स्फोटके हुडकणारे तेच नाक स्फोटानंतर माणसाच्या आत जे उरते तेही हुडकू शकेल, इतपत आशा या संशोधनाने दाखवली आहे.

आता आशेला आवर घालणेही आमचे काम आहे. दोन कुत्रे आणि २६ माणसे, तेही प्रयोगशाळेत. गजबजलेल्या बाजारात, घाम-धूर-फोडणीच्या वासांत हे कितपत साधेल, ते पुढील प्रयोगांनी ठरायचे आहे. सेवाश्वानाच्या एकंदर उपयोगाविषयीही निकाल संमिश्र आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २२७ माजी सैनिकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शिकवलेले सेवाश्वान, दुसऱ्याला केवळ सोबतीचे कुत्रे. दैनंदिन कार्यक्षमता आणि जीवनमान यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. मात्र सेवाश्वानाच्या गटात विकाराची लक्षणे थोडी अधिक उतरली आणि आत्महत्येचे विचार कमी झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १५६ जण होते. त्यांतील ८१ जणांना कुत्रे मिळाले, ७५ जण प्रतीक्षायादीत राहिले, आणि तीन महिन्यांनी कुत्रे मिळालेल्यांची स्थिती लक्षणीय चांगली आढळली. या गटांची विभागणी चिठ्ठ्यांनी झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे. आणि दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते. कुत्रा आला म्हणून औषध थांबले नाही, आणि थांबवूही नये.

आपल्या देशात काय आहे? मुंबईत मीनल कविश्वर या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ विदुषीने ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था उभी करून उपचारसहायक कुत्र्यांचे काम शाळांत व रुग्णालयांत नेले. मराठी नाव या क्षेत्रात इतक्या लवकर उमटले याचा आनंद वाटतो. परंतु तो दुसरा प्रकार झाला. तिसऱ्या प्रकारच्या सेवाश्वानाला पाश्चात्त्य देशांत दीर्घ काळ शिक्षण द्यावे लागते, हजारो डॉलर खर्च येतो, आणि दुकानात, आगगाडीत, कचेरीत त्याला प्रवेश देणारा कायदा लागतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवाश्वानाचा उल्लेख नाही. शिवाय भिलाईचा मे महिना! दुपारी डांबरावर अनवाणी पाय ठेवून पाहावा, म्हणजे कुत्र्याच्या पंजांची कल्पना येईल.

म्हणून एक स्पष्ट सांगतो. हे भाषण ऐकून कोणी घरातील आजारी माणसासाठी लॅब्रॅडॉरचे पिल्लू विकत आणू नये. पिल्लाचे संगोपन हेच एक काम आहे, आणि ते खचलेल्या माणसाच्या गळ्यात घालणे हा दुहेरी अन्याय होईल. कुत्रा घरात आधीच असेल, रेबीजची लस वेळेवर टोचलेली असेल आणि माणसाला त्याची ओढ असेल, तर त्या दोघांना एकत्र बसू द्यावे, संध्याकाळी फिरू द्यावे.

ज्या घरी कुत्रा नाही, तेथे त्याच्या कामांपैकी निम्मी कामे माणसाला जमण्यासारखी आहेत. कुत्रा सल्ला देत नाही. तो ‘आता किती दिवस तेच ते’ असे म्हणत नाही, शेजारच्या कोणाला याहून मोठे दुःख झाले होते ते सांगत नाही. जवळ येऊन बसतो. दुःस्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला गदागदा हलवू नये. दिवा लावावा, थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी, तू घरी आहेस असे सांगावे. त्याचा श्वास बदलला, बोलता बोलता नजर हरवली, हात गार पडले, या खुणा सोबत राहणाऱ्याला काही दिवसांत ओळखता येतात. दिवाळीत फटाक्यांपूर्वी त्याला सांगून ठेवावे. या सर्वांसह मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे टाळू नये. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, जिच्यात छत्तीसगढही होते, सर्वसामान्य मनोविकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे दिसले. २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. हा क्रमांक सभागृहाच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लावावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. आणि ज्या घरांत २०१४ व २०१८ च्या अपघातांतून वाचलेली माणसे आहेत, तेथे मंडळाच्या दोन-दोन सभासदांनी संक्रांतीला तिळगूळ घेऊन जावे. अपघाताची चौकशी करण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी.

शेवटी कुत्र्याचीही बाजू. दुसऱ्याच्या भीतीचा वास दिवसभर घेणाऱ्या त्या प्राण्याला काय होत असेल, अशी शंका आपल्या मनात आली असेल. आयव्ही आणि कॅली यांना हे काम इतके आवडे, आणि त्यामागून मिळणारा खाऊही, की त्यांना सुरुवात करायला लावण्यापेक्षा विश्रांतीला बसवणेच अवघड जाई, असे त्यांच्या विद्यार्थिनी शिक्षिकेने सांगितले आहे. तथापि सेवाश्वान चोवीस तास कामावर असतो. त्याला सुटी किती द्यावी, म्हातारपणी त्याला कोणी सांभाळावे, आणि तो निवृत्त झाला की ज्याची झोप त्याच्यावर अवलंबून आहे त्या माणसाने काय करावे, हे प्रश्न तिकडेही अजून चर्चेत आहेत. आपल्या मुलामुलींपैकी कोणी मानसशास्त्र वा पशुवैद्यक शिकत असेल, तर त्यांतील एखादा प्रश्न उचलण्याजोगा आहे.

आमचे बोलणे येथे थांबवतो. आपल्या शंका असतील त्या आता विचाराव्यात; ज्यांना सर्वांसमक्ष विचारणे अवघड वाटेल त्यांच्यासाठी आम्ही कार्यक्रमानंतर ग्रंथालयाच्या खोलीत थांबणार आहोत.